अर्धा फेरा

बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो,
एक पांढरा दिवा डोळा मिचकावतो,
आणि संपलं.
हूं नाही की चूं नाही.
असं सतरा वेळा.

उलानबातर, नववा मजला, बाहेर उणे एकतीस.
हवा इतकी कोरडी, की लोकरीचा स्वेटर काढताना
अंगावर ठिणग्या तडतडतात.
म्हणून रॅमला हात लावण्याआधी दर वेळी
उघड्या रेडिएटरला शिवून येते मी,
सोवळ्यात असल्यासारखी.

पेटी शेजारच्या दुल्माच्या मुलाने टाकून दिलेली.
ग्राफिक्स कार्ड कुणाच्या तरी गोदामात
आभासी नाणी खणून खणून थकलेलं.
बाकी सगळं नारानतूलच्या बाजारातून, घासाघीस करून.
स्क्रू काकडीच्या लोणच्याच्या झाकणात.
नऊ होते. आता आठ आहेत.

खोडरबराने रॅमचे सोनेरी दात घासले.
एकच पट्टी लावली, मग दुसरी, मग जागा बदलून.
नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटं बाजूला ठेवली,
म्हटलं, झालं गेलं विसरेल.
पॉवर सप्लायच्या हिरव्या-काळ्या तारांत टाचणी वाकवून खोचली,
तो बापडा लगेच फिरला.
दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला,
एवढं कळत होतं.
रेडा कोणता, ते कळत नव्हतं.

मग त्सोगोला फोन लावला.

चार वर्षांनी.
वडिलांची प्लॅनेटा विकून त्याने कोरियाचं तिकीट काढलं,
तेव्हापासून नव्या वर्षाला आम्ही
एकमेकांना फक्त चित्रं पाठवतो, घोड्यांची.
"कसा आहेस" विचारायचं होतं.
म्हटलं, "चालू होत नाहीये."

तो म्हणाला, "फोन पेटीजवळ धर."

प्लॅनेटा अशीच ऐकायचा तो.
पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले,
आणि मी टॉर्च धरून गारठलेली.
"दाब."
दाबलं.
"परत."
तिकडे अन्सानच्या खोलीत कुणीतरी कूस बदलून खोकलं.
"मेलेला नाही हा, उरना. कुठेतरी अंगाला अंग लागतंय.
बोर्ड बाहेर काढ. पुठ्ठ्यावर ठेव."

पुठ्ठ्यावर, उघड्यावर,
दोन पिनांना पेचकस टेकवला मात्र,
पंखा फिरला तो फिरतच राहिला.
म्हणजे बोर्ड धडधाकट. खोट पेटीत.
आतल्या पत्र्यावरून अंगठा फिरवत गेले:
एक पितळी खुंटी, जादा,
आधीच्या कुठल्यातरी बोर्डासाठी रोवलेली.
तो बोर्ड गेला, खुंटी राहिली,
आणि नव्याच्या पाठीत रुतत बसली.
पक्कड. चार आटे. निघाली.
तळहातावर घेतली तर शेंगदाण्याएवढी.

सगळं परत बसवलं, आठ स्क्रूंवर.
पडदा उजळला. काळ्यावर पांढरं:
सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.
इतकी गोड ओळ मी कितीतरी दिवसांत वाचली नव्हती.

"झालं?" त्सोगोने विचारलं.

झालं म्हटलं असतं
तर तो "बरं" म्हणाला असता. सहाची पाळी आहे त्याची.
"नाही अजून," मी म्हणाले.

फोन पेटीजवळच होता.
पंखे चार, एकाचा सूर किंचित किनरा.
तो बराच वेळ ऐकत राहिला.
मग म्हणाला,
"हं. तर मग एकेक केबल पुन्हा बघू.
घाई नको. चोवीस पिनांच्या मोठीपासून सुरुवात कर.
आणि काय गं,
धूर कसा आहे तिकडे यंदा?"